प्रश्न यंत्राचा नाही, वेळापत्रकाचा आहे

पालक बंधु-भगिनींनो, विश्वस्त मंडळातील ज्येष्ठांनो आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,



गेल्या काही महिन्यांपासून शाळेत एक विषय वारंवार निघतो आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी निधी देऊ केला आहे. त्यातून सहावीपासून पुढच्या प्रत्येक मुलाच्या हातात टॅबलेट द्यावा आणि प्रत्येक वर्गात मोठा पडदा लावावा, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आलेली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. इंदूरच्या मोठ्या शाळांच्या जाहिरातींत ‘ब्लेंडेड लर्निंग’ हे शब्द ठळक अक्षरांत असतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत आपल्याकडे येणारे पालकही आधी विचारतात, “मॅडम, स्मार्ट क्लास आहे ना?” आपली शाळा मागे पडू नये, असे सर्वांनाच वाटते. मलाही वाटते.

तरीही निर्णय होण्यापूर्वी प्राचार्य या नात्याने माझे मत आपल्या सर्वांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते. मत थोडक्यात असे आहे: निधी घ्यावा, मिश्र शिक्षणही जरूर सुरू करावे, पण टॅबलेट वाटू नयेत. आधी वेळापत्रक ठरवावे, मग त्यासाठी माणूस नेमावा, आणि सर्वांत शेवटी यंत्र घ्यावे. हा क्रम उलटा झाला तर काय होते, याचे अनुभव आपल्या आसपासच आहेत. तेच आज सांगणार आहे.

मिश्र शिक्षण कशाला म्हणावे

शिक्षकाने समोर बसून शिकवणे आणि मुलाने यंत्राच्या साहाय्याने स्वतः शिकणे, या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंफायच्या की एकीचे काम दुसरीने पुढे न्यावे. याला मिश्र शिक्षण म्हणतात. वर्गात फळ्याऐवजी पडदा आला आणि बाकी सगळे तसेच चालू राहिले, तर ते मिश्र शिक्षण नव्हे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आपण फोनवरून शिकवू लागलो, तेही मिश्र शिक्षण नव्हते. मध्य प्रदेश सरकारने त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून धडे पाठवणारा ‘डिजिलेप’ उपक्रम चालवला, आकाशवाणीवर ‘रेडिओ स्कूल’ चालवले, ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना आणली. त्या संकटात जे शक्य होते ते सर्वांनी केले. पण तो आपद्धर्म होता. आपद्धर्माच्या सवयी संकट टळल्यावर नियम म्हणून चालवायच्या नसतात.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये मिश्र शिक्षणाचा उल्लेख आहे, आणि पुष्कळ जण त्याचा हवाला देतात. पण त्याच ठिकाणी समोरासमोरच्या शिकवण्याचे महत्त्व पूर्णपणे मान्य केलेले आहे, आणि वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या पद्धती शोधाव्यात असे म्हटले आहे. म्हणजे सर्व वर्गांना, सर्व विषयांना एकच औषध, असे धोरणही म्हणत नाही.

घरात दही लावणाऱ्या प्रत्येकीला हे चांगले ठाऊक आहे. विरजण किती घालायचे, दूध किती कोमट असताना घालायचे आणि मग किती वेळ हात लावायचा नाही, यावर दही ठरते. विरजण जास्त झाले म्हणून दही जास्त चांगले लागत नाही, उलट आंबट होते. यंत्राचे प्रमाणही असेच सांभाळावे लागते.

वडोदऱ्याचा धडा

आपल्यापैकी कितीतरी घरांचे सोयरे वडोदऱ्यात आहेत. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच शहरात, या शतकाच्या सुरुवातीला, आपल्या आजच्या प्रश्नावर एक मोठा प्रयोग झाला.

२००० साली गुजरात सरकारने वडोदरा महापालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. संगणक आले खरे, पण पाहणी केली तेव्हा असे दिसले की फारच थोड्या शाळांत मुले ते वापरत होती. कोणी, कोणत्या तासाला, काय शिकवायचे हे ठरलेलेच नव्हते. यंत्र होते, वेळापत्रकात त्याला जागा नव्हती.

मग ‘प्रथम’ या संस्थेने २००२-०३ पासून तेच संगणक हाताशी धरून चौथीच्या मुलांसाठी गणिताचा कार्यक्रम आखला. तो अगदी साधा होता. एका संगणकावर दोन मुले. आठवड्याला फक्त दोन तास. त्यांतला एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेच्या आधी किंवा नंतर. संगणकावर गणिताचे खेळ, आणि मूल ज्या पायरीवर असेल त्या पायरीचे प्रश्न. सोबत वस्तीतलीच, थोडे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती, मुलांकडे लक्ष ठेवायला आणि अडले तर सांगायला.

या प्रयोगाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. यांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. निष्कर्षाची शास्त्रीय भाषा बाजूला ठेवून सांगायचे तर, गुणांप्रमाणे १०० मुलांची रांग लावली आणि एक मूल बरोबर मधोमध, ५०व्या जागी उभे असेल, तर या कार्यक्रमाच्या दुसऱ्या वर्षी ते गणितात सुमारे ६८व्या जागी पोहोचले असते. (रांगेत पुढची जागा म्हणजे अधिक गुण.) आठवड्याला दोन तासांत एवढे होणे ही मोठीच गोष्ट आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि विश्वस्तांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा अशी माझी विनंती आहे. त्याच अभ्यासात वडोदरा आणि मुंबईत ‘बालसखी’ नावाचा दुसरा कार्यक्रमही तपासला गेला. त्यात संगणक नव्हता. वस्तीतली शिकलेली तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन बसत असे आणि वाचन, गणिताचा पाया पक्का करून घेत असे. तिच्यामुळे ५०व्या जागेवरचे मूल दुसऱ्या वर्षी सुमारे ६१व्या जागी गेले. म्हणजे संगणकापेक्षा लाभ कमी. पण खर्च? त्या काळच्या हिशेबाने बालसखीचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे १०७ रुपये, संगणकाचा सुमारे ७२२ रुपये. रुपयाच्या मोबदल्यात माणूसच स्वस्त पडला.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा दोन्हींचा बराचसा लाभ ओसरून गेला होता. म्हणजे एका वर्षी उद्घाटन करून फोटो छापला आणि दुसऱ्या वर्षी कक्षाला कुलूप लावले, तर मुलांच्या पदरात फारसे काही उरत नाही. चालू ठेवण्याचे बळ असेल तेवढेच सुरू करावे.

पूरक की पर्याय?

दुसरा अनुभवही गुजरातचाच आहे, आणि माझ्या मताचा खरा आधार तोच आहे. गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘ज्ञानशाला’ नावाची संस्था तेथे छोट्या शाळा चालवते. शिक्षिकांचे पाठ बारकाईने आखलेले असतात. तिथे दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचा संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे राबवला गेला. काही ठिकाणी मुलांना शाळेच्या वेळात वर्गातून उठवून संगणकावर बसवले. काही ठिकाणी शाळेच्या आधी किंवा नंतर जादा वेळ देऊन बसवले. कार्यक्रम तोच, शाळाही त्याच प्रकारच्या. बदल फक्त वेळेत होता.

ली लिंडेन यांनी २००८ मध्ये मांडलेला निकाल असा: जादा वेळेत बसलेले ५०व्या जागेवरचे मूल सुमारे ६१व्या जागी गेले. आणि वर्गातून उठवून नेलेले मूल? ते मागे सरकले, सुमारे २८व्या जागी. चांगल्या शिक्षिकेचा तास काढून घेतला आणि तिथे यंत्र ठेवले, तर मुलाचे नुकसान झाले. तेच यंत्र तिच्या तासाला जोड म्हणून दिले, तर फायदा झाला.

यावर कोणी म्हणेल की जादा तासाचा फायदा हा यंत्राचा कसला, तो तर जादा वेळेचा. म्हणणे रास्त आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही मिश्र पद्धत निव्वळ वर्गातल्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. पण तिथेच असेही नमूद केले गेले की मिश्र पद्धतीत मुलांना बहुतेक वेळा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळालेले होते. शिवाय ते अभ्यास मुख्यतः मोठ्या विद्यार्थ्यांचे होते. म्हणूनच मी म्हणते की पहिला प्रश्न “कोणते यंत्र?” हा नाही. पहिला प्रश्न आहे, “हे यंत्र कोणता तास घेणार, आणि तो तास आता कोणाचा आहे?”

तिसरा अनुभव दिल्लीचा, आणि तो आपल्याला सर्वांत उपयोगाचा. दक्षिण दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाच्या केंद्रांवर सरकारी शाळांतली मुले शाळा सुटल्यावर किंवा भरण्यापूर्वी येत. एकूण ९० मिनिटे. त्यांतली ४५ मिनिटे प्रत्येक मूल संगणकावर आपापल्या पातळीचे गणित आणि हिंदी सोडवी. उरलेली ४५ मिनिटे बारा-पंधरा मुलांचा गट करून एक साहाय्यक शिकवी. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या आणि न निवडलेल्या मिळून ६१९ मुलांची तुलना केली. साडेचार महिन्यांनंतर, ५०व्या जागेवरचे मूल गणितात सुमारे ६४व्या आणि हिंदीत सुमारे ५९व्या जागी पोहोचलेले दिसले. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातली एक माहिती मला फार विचार करायला लावते. सुरुवातीच्या चाचणीत सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच वर्षे मागे होते, आणि एकाच वर्गात पाच-सहा इयत्तांच्या पातळीची मुले शेजारी शेजारी बसलेली होती. शिक्षक मात्र सहावीचे पुस्तक शिकवत होते, कारण त्यांना तेच शिकवायचे असते. आपल्या शाळेतल्या शिक्षिकांना विचारा, त्याही हेच सांगतील. अपूर्णांक न येणाऱ्या मुलासमोर बीजगणित चालू असते. यंत्राची खरी करामत इथे आहे. ते न थकता, न रागावता, चार मुलांसमोर हसे न करता, त्या मुलाला चौथीचा अपूर्णांक पुन्हा देऊ शकते. चाळीस मुलांना चाळीस पातळ्यांवर प्रश्न देणे कितीही निष्णात शिक्षकाला एका तासात शक्य नाही. पण मूल का चुकते आहे, घरी काय घडले आहे, आज त्याला शाबासकीची गरज आहे की कान धरण्याची, हे यंत्राला कळत नाही. ते बाईंना कळते.

आणि निव्वळ यंत्र वाटले तर? पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये पुढे आला. संगणक वापरणे वाढले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक आढळला नाही. त्या देशाने पैसे मोजून हा धडा घेतला. तो आपल्याला फुकट मिळतो आहे, तर घ्यावा.

आपल्या शाळेसाठी काय

आता मुद्द्यावर येते. माझी योजना सहावी ते आठवीपुरती आहे, आणि फक्त दोन विषयांची: गणित आणि मराठी. प्राथमिक वर्गांना यातून सध्या दूर ठेवावे. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिका काढली होती. ती शाळा बंद असतानाच्या काळासाठी होती, तरी तिच्यातही आठवीपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच बैठका सांगितल्या होत्या. शाळा उघडी असताना तर त्याहून पुष्कळ कमी पुरे.

समजा वर्गात ४० मुले आहेत. आठवड्यातून दोनदा गणिताचे सलग दोन तास ठेवावेत. पहिल्या तासाला २० मुले संगणक-कक्षात जातील, दोघांत एक यंत्र याप्रमाणे दहा यंत्रांवर बसतील. उरलेली २० मुले शिक्षिकेजवळ राहतील. पुढच्या तासाला अदलाबदल. म्हणजे शिक्षिकेचा तास कोणाचाही बुडत नाही, उलट प्रत्येक मूल तिच्यासमोर निम्म्या गर्दीत बसते. वीस मुलांच्या वह्या एका तासात तपासता येतात, चाळीस मुलांच्या नाही. यासाठी चाळीस टॅबलेट लागत नाहीत; चालू स्थितीतली दहा यंत्रे, वीज गेली तर पुरेल एवढी बॅटरी आणि कक्षात थांबणारी एक साहाय्यिका लागते.

हे सलग तास वेळापत्रकात आणायचे तर कुठून तरी वेळ काढावा लागेल. तो खेळाच्या तासातून किंवा चित्रकलेतून काढू नये, असे माझे ठाम मत आहे. आठवड्यातून दोन दिवस शाळा ४० मिनिटे उशिरा सोडावी. याने बसच्या वेळा बदलतील आणि पालकांना थोडा त्रास होईल, हे मी जाणते. पण ज्ञानशालेचा निकाल डोळ्यांसमोर ठेवला, तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मराठीविषयी

मराठीची गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे. आपली मुले गल्लीत हिंदी बोलतात, टीव्ही हिंदीत पाहतात, मित्रांशी हिंदीत भांडतात. मराठी कानावर पडते ती आजी-आजोबांकडून आणि शाळेत. माझे स्वतःचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे हिंदीच्या कानाला मराठी कुठे अडते हे मला चांगले माहीत आहे. हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून मुले ‘वेळ’ला ‘वेल’ म्हणतात आणि मग तसेच लिहितातही. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘मण’ आणि ‘मन’ यांत फरक उरत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत, हे पुस्तकात लिहून कळत नाही; ते ऐकावे लागते.

इथे यंत्र उत्तम मदतनीस आहे. आपल्या शिक्षिकांनी आपल्याच आवाजात अशा जोड्या, छोटे उतारे ध्वनिमुद्रित करावेत. मुलाने ते पन्नासदा ऐकावे, यंत्र कंटाळणार नाही. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या २०१७ पासूनच्या व्यवस्थेवर मराठीतले साहित्य आहे. महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत त्यासाठी क्यूआर कोड छापलेले आहेत. मराठी विश्वकोश घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या आपल्यासारख्या शाळेला पूर्वी एकेक मराठी पुस्तक मागवायला पत्रे लिहावी लागत. आज ती अडचण उरलेली नाही. आपल्या शाळेसाठी यंत्राचा हा उपयोग मला गणिताइतकाच मोलाचा वाटतो.

पण ऐकण्याने बोलणे येत नाही. बोलायला समोर माणूस लागतो, जो चुकले तर थांबवेल आणि जमले तर मान डोलावेल. म्हणून मराठीसाठी माझी मांडणी अशी: यंत्रावर ऐकावे, वर्गात बोलावे, आणि लिहावेही वर्गातच. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये असेच केले. धडा ध्वनिचित्रमुद्रित करून घरी पाहायला दिला आणि वर्गाचा वेळ सोडवण्यासाठी, विचारण्यासाठी मोकळा ठेवला. आज तर याला आणखी एक कारण आहे. २०२२ च्या अखेरीपासून निबंध लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. घरून लिहून आणलेला ‘माझा आवडता सण’ मुलाने लिहिला की फोनने, हे सांगणे कठीण झाले आहे. शिक्षिकेसमोर वहीत लिहिलेले दहा ओळींचे वेडेवाकडे मराठी मला त्या सुबक निबंधाहून अधिक प्रिय आहे.

घरचा फोन

काही पालक म्हणतात, शाळेने यंत्रे कशाला घ्यावीत, आता प्रत्येकाच्या घरी फोन आहेच. घरी फोन असणे आणि तो मुलाला मिळणे, यांत अंतर आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची ‘असर’ची २०२३ ची पाहणी पाहा. सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांपैकी स्वतःचा फोन मुलांतल्या ४३.७ टक्क्यांकडे होता आणि मुलींतल्या फक्त १९.८ टक्क्यांकडे. ही पाहणी खेड्यांतली आहे, आपण शहरातले. पण घरात फोन आधी भावाच्या हातात जातो की बहिणीच्या, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहून घ्यावे. वडील कामावरून रात्री नऊला येणार, त्यांच्या खिशातल्या फोनवर मुलीचा गृहपाठ, आणि सकाळी शाळा! हे मला मान्य नाही.

म्हणून एक नियम मी सुचवते: फोनशिवाय पूर्ण होणार नाही असा कोणताही गृहपाठ आपली शाळा देणार नाही. ज्यांना घरी ऐकता येईल त्यांनी ऐकावे. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी संगणक-कक्ष शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास उघडा राहील. तसेच कोणत्याही कंपनीच्या अ‍ॅपवर मुलांची नावे, छायाचित्रे, गुण पालकांना न विचारता टाकली जाणार नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी आपण हे पाळायला हवे होते.

शिक्षकांचा वेळ

या योजनेतला सर्वांत महाग भाग यंत्र नाही, शिक्षकांचा वेळ आहे, आणि तोच बहुतेक वेळा हिशेबात धरला जात नाही. कोणत्या मुलाला कोणता पाठ द्यायचा, यंत्राने दाखवलेल्या चुका पाहून उद्या कोणाला जवळ बसवायचे, हे ठरवायला आठवड्याला किमान दोन मोकळे तास शिक्षिकेला हवेत. ते दिले नाहीत, तर ती बिचारी रात्री घरचे आटोपून हे काम करील, दोन महिने करील, आणि मग सोडून देईल. वडोदऱ्याचे संगणक धूळ खात होते ते शिक्षक आळशी होते म्हणून नव्हे. त्यांच्या दिवसात त्या कामाला जागाच नव्हती.

म्हणून निधीचा मोठा वाटा दोन साहाय्यिकांच्या मानधनासाठी किमान तीन वर्षे बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या समाजात शिकलेल्या, मराठी उत्तम बोलणाऱ्या, घरी असलेल्या कितीतरी मुली-सुना आहेत. त्यांतूनच या साहाय्यिका मिळतील. मला कल्पना आहे की पाटीवर देणगीदाराचे नाव कोरायला यंत्र सोयीचे असते. मानधनावर नाव कोरता येत नाही. पण १९७५-७६ मध्ये भारतात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी-शिक्षणाचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग झाला. मध्य प्रदेशासह सहा राज्यांतल्या २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचले. उपग्रह अमेरिकेकडून वर्षापुरता घेतलेला होता. वर्ष संपले, तो परत गेला. यंत्रे अशीच येतात आणि जातात. आज घेतलेला टॅबलेट चार-पाच वर्षांत जुना होईल. शिकवण्यात तयार झालेली साहाय्यिका मात्र दर वर्षी अधिक जाणती होत जाते.

यश कसे मोजायचे

शेवटचा मुद्दा. योजना सुरू होण्यापूर्वी सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची गणिताची आणि मराठी वाचनाची छोटी चाचणी घ्यावी. सत्राच्या शेवटी तशीच चाचणी पुन्हा घ्यावी. पहिल्या सत्रात प्रत्येक इयत्तेच्या एकाच तुकडीत योजना राबवावी, दुसरी तुकडी नेहमीसारखी चालू द्यावी. दोन्ही तुकड्यांचे निकाल, मुलांची नावे न देता, याच वार्तापत्रात छापावेत, मग ते कसेही येवोत. फरक दिसला तर दुसऱ्या सत्रात सर्व तुकड्यांना लाभ द्यावा. दिसला नाही तर कारण शोधावे, आणि दोन सत्रांनंतरही दिसला नाही तर योजना थांबवावी. उद्घाटनाच्या नारळापेक्षा हा कागद मला महत्त्वाचा वाटतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना टॅबलेट मिळणार नाही म्हणून वाईट वाटले असेल. तुम्हाला एवढेच सांगते, की तुमच्या शेजारी बसून एकाच यंत्रावर गणित सोडवणारा मित्र हा त्या यंत्राइतकाच तुमचा शिक्षक असतो. त्याला समजावून सांगताना जे गणित पक्के होते, ते एकट्याने बोट फिरवून होत नाही.

पुढच्या पालक-शिक्षक सभेत हा विषय चर्चेला ठेवला आहे. सभेत विश्वस्त मंडळाचे सदस्यही असतील. माझ्याशी सहमत नसणाऱ्यांनी तर अवश्य यावे, आणि येताना एकाच प्रश्नाचे उत्तर घेऊन यावे: टॅबलेट आणायचे ठरले, तर ते कोणत्या तासाला उघडायचे, आणि त्या तासाला बाईंनी काय करायचे? या प्रश्नाचे चांगले उत्तर कोणाजवळ असेल, तर माझे मत बदलायला मी तयार आहे.

आपली,
प्राचार्या